मांडणी आणि मालकी : बिशप संग्रहालयातील हवाईयन दालन

पोलिनेशियन संस्कृतीच्या अभ्यासात होनोलुलू येथील बिशप संग्रहालयाचे स्थान अनन्यसाधारण आहे. कामेहामेहा राजघराण्यातील राजकन्या बर्निस पौआही हिच्या स्मरणार्थ तिचे पती चार्ल्स रीड बिशप यांनी १८८९ मध्ये ते स्थापन केले. चारच वर्षांनी हवाईची राजसत्ता उलथवली गेली. राज्य गेले, वस्तू उरल्या. त्यामुळे एका घराण्याच्या ठेव्याला एका राष्ट्राच्या स्मृतीचे ओझे पेलावे लागले.

नूतनीकरणानंतर २००९ मध्ये पुन्हा खुल्या झालेल्या हवाईयन दालनाचे तीन मजले या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. तळमजल्यावरील 'काइ आकेआ' देवदेवता व पुराणकथांचा, त्यावरील 'वाओ कानाका' माणसाच्या भूमीशी असलेल्या नात्याचा, तर 'वाओ लानी' राजे-सरदारांचा आणि इतिहासाचा. येथे वस्तूंचा क्रम त्या समाजाच्या विश्वकल्पनेनेच ठरविला आहे, आणि हे या मांडणीचे खरे यश होय. तथापि कोआ लाकडाची जुनी कपाटे तशीच आहेत. छताला टांगलेला देवमासाही तसाच आहे: एका बाजूने सांगाडा, दुसऱ्या बाजूने कागदाच्या लगद्याचे शरीर. एकोणिसाव्या शतकातील कुतूहलाची ही खूण पुसली नाही, हे एका परीने प्रामाणिकपणाचेच म्हणावे लागेल.

मालकीचा प्रश्न मात्र मांडणीने सुटत नाही. हवाई बेटावरील कावाइहाए येथील गुहेतून १९०५ मध्ये काढलेल्या व संग्रहालयात आलेल्या वस्तूंपैकी ८३ वस्तू २००० मध्ये एका हवाईयन संघटनेला उसन्या देण्यात आल्या. संघटनेने त्या गुहेत परत ठेवून गुहा बंद केली. अन्य हवाईयन दावेदारांनी यास हरकत घेतली. २००५ मध्ये न्यायालयाने वस्तू परत करण्याचा आदेश दिला आणि २००६ मध्ये त्या बाहेर काढण्यात आल्या. या वादाकडे 'पाश्चात्त्य संग्रहालय विरुद्ध मूलनिवासी' अशा सोप्या सूत्राने पाहणे दिशाभूल करणारे ठरते, कारण वाद मुख्यतः हवाईयनांमध्येच होता. वस्तू मृतांच्या सोबतीच्या आहेत असे एका पक्षाचे म्हणणे, तर दुसऱ्या पक्षाला निर्णयातील आपला वाटा हवा होता. दालनाच्या तीन मजल्यांवर देव, माणसे आणि राजे यांना जागा मिळाली आहे; कोणी पाहूच नये अशी श्रद्धा ज्यांच्याशी जोडलेली आहे, त्या वस्तूंना मात्र त्यांपैकी कोणताही मजला आपला म्हणता येत नाही.