खरे, वासुदेवशास्त्री

(५ ऑगस्ट १८५८–११ जून १९२४). मराठी इतिहाससंशोधक, चरित्रकार, कवी आणि नाटककार. संपूर्ण नाव वासुदेव वामन खरे. जन्म कोकणातील गुहागर येथे. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर ह्यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही काळ अध्यापन केल्यानंतर ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक झाले. मिरज हीच पुढे त्यांची कर्मभूमी ठरली.

ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातील (१८२६) उणिवा नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी १८६८ मध्ये दाखवून दिल्या होत्या. त्या भरून काढावयाच्या, तर अस्सल कागदपत्रे उजेडात येणे अवश्य होते. खरे ह्यांनी पटवर्धन सरदारांची दप्तरे अभ्यासून १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. राजवाड्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने ह्या मालेचा पहिला खंड त्यानंतर, १८९८ मध्ये निघाला. खरे ह्यांच्या हयातीत लेखसंग्रहाचे बारा खंड प्रकाशित झाले.

पत्रांची कालानुक्रमे मांडणी आणि त्यांना जोडलेली कथनात्मक प्रास्ताविके, हे ह्या संग्रहाचे वैशिष्ट्य होय. छावणीतून घरी लिहिलेल्या पत्रांत कूच, मुक्काम, रसदेची टंचाई, अफवा आणि दरबारी मसलती ह्यांची तत्कालीन नोंद आढळते. बखरींत ती सहसा मिळत नाही. प्रास्ताविकांमुळे विखुरलेल्या पत्रांचा संदर्भ सामान्य वाचकासही उलगडतो. त्यांत खऱ्यांमधील शिक्षक दिसतो. राजवाड्यांप्रमाणे व्यापक सिद्धांत मांडण्याकडे मात्र त्यांचा कल नव्हता.

ह्या पद्धतीची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. एका घराण्याच्या दप्तरावर मुख्य भिस्त असल्याने कर्नाटकातील मोहिमा तपशिलाने येतात. नागपूरकर भोसले, शिंदे वा होळकर हे बव्हंशी पटवर्धनांच्या नजरेतून दिसतात. प्रास्ताविकांचा ओघ इतका सुबोध आहे, की ती संपूर्ण मराठी राज्याचा इतिहास समजून वाचली जाण्याचा संभव असतो. परंतु मूळ पत्रे सोबतच छापलेली असल्यामुळे संपादकाचे कथन पडताळून पाहण्याचे साधन वाचकाच्या हाती राहते. संग्रहाचे टिकाऊ मोल ह्यातच आहे.

त्यांच्या अन्य लेखनात नाना फडनवीस यांचे चरित्र (१८९२) व इचलकरंजी संस्थानचा इतिहास (१९१३) हे ग्रंथ, यशवंतराव (१८८८) हे महाकाव्य आणि गुणोत्कर्ष, शिवसंभव, उग्रमंगल इ. नाटके ह्यांचा समावेश होतो. मात्र त्यांची कीर्ती मुख्यतः लेखसंग्रहावरच अधिष्ठित आहे. मिरज येथे त्यांचे निधन झाले.