दहापैकी बारा

भाचा खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघाला, तेव्हाच ओळखलं, निकाल लागला! पाच सत्रांचा सीजीपीए सहा. सहाव्या सत्राअखेर त्याला सात हवे होते. मी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हिशेब मांडला. सात सक बेचाळीस, पाच सक तीस, उरले बारा. सगळ्या सत्रांची क्रेडिट सारखी धरली, तरी दहापैकी बारा!

या सरासरीचं एक मला पटत नाही. चारावरून आठावर चढलेला आणि आठावरून चारावर घसरलेला, दोघेही तिच्या लेखी सहाच. पोरगं कुठं पोचलं, ते तिला दिसतच नाही.

भाचा परतला. "मामा, मारुती तर झोपलेलाच आहे!"

म्हटलं, "बाबा रे, तो लंका जाळून झोपलाय. तू?"