पाण्यातली मेणबत्ती : एका लोकप्रिय प्रयोगाची चिकित्सा



विज्ञान-अध्यापनाच्या साधनाचे मूल्यमापन कसे करावे, हे या टिपणात एकाच प्रयोगाच्या आधारे पाहू. हा प्रयोग तुम्ही शाळेत बहुधा पाहिलेला असेल. बशीत पाणी घेऊन मध्ये पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. मग फळ्यावर निष्कर्ष येतो : मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश आहे.

प्रयोगाचे गुण आधी मान्य करू. साहित्य स्वस्त आहे, कुठल्याही गावात मिळते, आणि सारा वर्ग टक लावून पाहतो. कोंडलेल्या हवेत ज्योत फार वेळ टिकत नाही, हेही त्यातून नीट दिसते. दोष आहे तो निष्कर्षात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये विज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी ज्या सहा कसोट्या दिल्या आहेत, त्यांपैकी तीन येथे लावून पाहू.

१. आशयाची कसोटी

मेणाच्या रेणूत २५ कार्बन व ५२ हायड्रोजन अणू आहेत असे धरा. तो पूर्ण जळताना ऑक्सिजनचे ३८ रेणू खर्च होतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू तयार होतात. पाण्याची वाफ थंड होऊन द्रव झाली तरी हे २५ रेणू वायुरूपातच राहतात. ते पाण्यात विरघळतात, पण सावकाश. म्हणजे वापरलेल्या ऑक्सिजनच्या जेमतेम एक तृतीयांश इतकीच घट होते. शिवाय ज्योत सगळा ऑक्सिजन संपवत नाही. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर आले की ती विझते. हिशेब केला तर हवेच्या आकारमानातली घट दोन टक्क्यांहूनही कमी भरते.

मग पाणी इतके का चढते? पेला ठेवताना ज्योतीभोवतीची तापलेली, प्रसरण पावलेली हवा आत अडकते. काही हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेरही जाते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो.

२. प्रक्रियेची कसोटी

माझ्या मते प्रयोगाचे खरे अपयश येथे आहे. नीट पाहणाऱ्या मुलाला तीन गोष्टी दिसतात. सुरुवातीला पेल्याच्या कडेने बुडबुडे येतात. पाणी झपकन चढते ते मुख्यतः ज्योत विझल्यानंतर. आणि त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या, तर पाणी अधिक चढते. आतला ऑक्सिजन मात्र तेवढाच होता! तिन्ही निरीक्षणे फळ्यावरच्या निष्कर्षाशी जुळत नाहीत. तरीही मूल वहीत ‘एक पंचमांश’ लिहिते, कारण गुण त्यालाच आहेत. आपण पाहिले ते मोजायचे नसते, असा धडा ते विज्ञानाच्या तासाला शिकते.

३. ऐतिहासिक कसोटी

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण अशा प्रयोगातून कळले, असा समजही रूढ होतो. लव्हाझिएने अठराव्या शतकात कोंडलेल्या हवेत पारा बारा दिवस तापवला. सुमारे ५० घन इंच हवेपैकी सात-आठ घन इंच हवा कमी झाली. तेथे तयार झालेला लाल पदार्थ घनरूप होता. वायूची जागा घेणारा दुसरा वायू निर्माण झाला नाही. मेणबत्तीच्या प्रयोगात नेमकी हीच अट पाळली जात नाही.

पर्याय आणि त्याची किंमत

ही अट शाळेतही पाळता येते. ओल्या परीक्षानळीत लोखंडाचा कीस भुरभुरावा, तो आतल्या बाजूला चिकटला की नळी पाण्यात उपडी ठेवावी. लोखंड गंजते, गंज घनरूप असतो, आणि दोन-तीन दिवसांत पाणी नळीच्या सुमारे पाचव्या भागापर्यंत चढते. (तारेची घासणी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, ती येथे चालत नाही.) मात्र हा प्रयोग एका तासात संपत नाही. त्यामुळे दोष एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. वेळापत्रक आणि परीक्षाही झटपट उत्तर मागतात.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने ही अडचण ओळखली होती. १९७२ मध्ये १६ शाळांत तो सुरू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांतील प्रयोग मुले गटागटाने करीत आणि चर्चेतून निष्कर्षापर्यंत येत. परीक्षाही पुस्तक जवळ ठेवून होई व तिच्यात प्रात्यक्षिकही असे. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. मूल्यमापन बदलल्याशिवाय केवळ प्रयोग बदलून फारसे साधत नाही, हे त्या तीस वर्षांतून शिकण्यासारखे आहे.

तेव्हा मेणबत्तीचा प्रयोग वर्गाबाहेर काढू नका. त्याचा तयार निष्कर्ष काढून टाका आणि ‘पाणी केव्हा चढले?’ हा प्रश्न विचारा.

स्वाध्याय : एक, दोन व तीन मेणबत्त्या घेऊन चढलेल्या पाण्याची उंची मोजा. प्रचलित स्पष्टीकरण आणि तुमची नोंद यांतील विसंगती दहा ओळींत मांडा.