खुंटलेली गर्भवाढ आणि प्राण्यांची प्रतिरूपे : एक परीक्षण

अपरा, म्हणजे व्यवहारात ज्या अवयवास आपण वार म्हणतो तो, आपल्या कार्यात उणा पडला की गर्भाची वाढ खुंटते. या विकाराच्या प्रायोगिक अभ्यासात विगल्सवर्थ यांच्या १९६४ सालच्या प्रयोगाचा दाखला आजही दिला जातो. गाभण उंदरिणीच्या गर्भाशयाच्या एका शृंगाची रोहिणी त्यांनी १७ व्या दिवशी खालच्या टोकाशी बांधली व दुसरे शृंग तुलनेसाठी तसेच ठेवले. बंधाच्या निकटचे गर्भ मेले अथवा खुजे राहिले. अंतर वाढत गेले तसतशी वाढ सुधारत गेली. मांडणी देखणी आहे. आमचा आक्षेप तिच्यावर नसून तिच्यापासून काढल्या जाणाऱ्या अनुमानांवर आहे.

या जातीच्या उंदराचा गर्भकाळ सुमारे २२ दिवसांचा. म्हणजे गर्भाची उपासमार होते ती जेमतेम पाच दिवस, आणि तीही एकाएकी. मानवी स्त्रीत विकाराचे मूळ पुष्कळदा गर्भारपणाच्या पूर्वार्धात असते. ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्यांत शिरून त्यांचे स्नायुमय आवरण मोडतात व त्यांची मुखे रुंद करतात. हे कार्य अपुरे राहिल्यास रक्त कमी येते एवढेच नव्हे; ते अरुंद मुखातून जोराने येऊन अपरेच्या अंकुरांस इजा करते. गाठ मारून प्रवाह घटविता येतो, हा बिघाड उत्पन्न करता येत नाही. शिवाय एका उंदरिणीचे दहा गर्भ म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. माता हीच गणनेची एकके मानली पाहिजे, आणि शृंगातील प्रत्येक गर्भाचे स्थानही नोंदविले पाहिजे. पदव्युत्तर प्रबंधांत ही दक्षता क्वचितच आढळते.

मेंढीचे प्रकरण निराळे. तिच्या गर्भाच्या रक्तवाहिनीत नळी बसवून दिवसेंदिवस प्राणवायू मोजता येतो. गर्भधारणेपूर्वी गर्भाशयाच्या अस्तरावरील मांसल उंचवटे काढून अपरा लहान ठेवण्याची युक्तीही फलदायी ठरली आहे. परंतु मेंढीत ट्रोफोब्लास्ट पेशी मातेच्या रोहिण्यांचे तसे रूपांतर करीतच नाहीत. जी क्रिया बिघडल्याने रोग होतो तीच ज्या प्राण्यात नाही, त्यास त्या रोगाचे प्रतिरूप म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय. मेंढी आपणांस परिणाम दाखविते, कारण नव्हे. या दृष्टीने गिनीपिगकडे अधिक लक्ष जावयास हवे होते : त्याच्यात या पेशी खोलवर शिरतात, आणि मेंदूची बरीचशी वाढ जन्मापूर्वीच होते.

हा वाद केवळ परिभाषेचा नाही. सिल्डेनाफिल या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने, जनुकांत बदल केलेल्या काही छोट्या उंदरांत गर्भाची वाढ सुधारल्याचे आढळले. उलट २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एक नाभिरोहिणी बांधलेल्या मेंढीच्या गर्भांत, त्याच औषधाने गर्भाशयाचा रक्तप्रवाह घटला व गर्भाची स्थिती बिघडली. पुढे मानवी चाचण्या झाल्या. त्यांस थोड्या स्त्रियांवरील निरीक्षणांचाही आधार होता, हे सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील चाचणीत गर्भारपण लांबले नाही. नेदरलँड्समधील चाचणी नवजात अर्भकांचे फुप्फुसविकार व मृत्यू यांमुळे जुलै २०१८ मध्ये थांबवावी लागली. मेंढीचा निकाल निर्णायक होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु दोन प्रतिरूपे परस्परविरुद्ध बोलत असता त्या विरोधाचा उलगडा आधी व्हावयास हवा होता.

आपल्याकडील प्रश्नास तर बांधलेली रोहिणी फारच अपुरी पडते. पुण्यातील अभ्यासांनी दाखविलेले अर्भक वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने संपन्न असते. आणि त्याची माताही बहुधा कृश असते. पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर अभ्यासिले गेले. दोन पिढ्या पोटभर आहार देऊनही त्यांच्या चयापचयातील दोष हटले नाहीत.