दुसऱ्यांदा नाइट सिटीत: 'सायबरपंक २०७७' आणि दुरुस्तीचा हिशेब

आजचा विषय 'सायबरपंक २०७७'. तुमच्यापैकी अनेकांनी हा गेम २०२० मध्येच निकालात काढला असेल, आणि त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने २०१२ मध्ये त्याची घोषणा केली. २०१९ मध्ये किआनू रीव्ह्ज स्वतः मंचावर आला. तब्बल ८० लाख लोकांनी आधीच पैसे भरून ठेवले. १० डिसेंबर २०२० ला गेम बाजारात आला, आणि आठवडा-दीड आठवड्यात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो तिथे परतला थेट जून २०२१ मध्ये.

मग आता पुन्हा कशाला? सप्टेंबर २०२३ मध्ये २.० हे मोठं अपडेट आलं, म्हणून आम्ही तो पहिल्यापासून पुन्हा खेळलो.

पोलिसांचंच बघा. पूर्वी गुन्हा केला की पोलीस अक्षरशः पाठीमागे उगवायचे. गाडीने पाठलाग नाहीच. चार गल्ल्या पळालात की सगळं माफ! आता ते गाड्या घेऊन मागे लागतात, रस्ते अडवतात. प्रकरण वाढलं तर मॅक्सटॅक नावाचं खास पथक येतं.

दुसरा बदल आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी संरक्षण कपड्यांवर अवलंबून होतं. आता ते मुख्यतः शरीरात बसवलेल्या यंत्रांतून मिळतं, आणि किती यंत्रं पेलवतील यालाही मर्यादा आहे. माणूस स्वतःचं शरीर सुटं करून पुन्हा जोडतो, ही तर या जगाची मूळ कल्पना. ती आधी फक्त संवादांत होती. आता खेळताना प्रत्येक निर्णयात ती जाणवते.

काय बदललं नाही? सुरुवातीला तीन पूर्वायुष्यांतून एक निवडायचं असतं, पण थोड्याच वेळात तिन्ही वाटा एका रस्त्याला मिळतात. तो पोकळपणा आजही आहे. उलट व्ही आणि तिच्या डोक्यात शिरलेला जॉनी सिल्व्हरहँड यांचं नातं, पॅनम आणि ज्युडीचे प्रसंग हे २०२० मध्येही उत्तमच होते. बग्जच्या गर्दीत ते नीट दिसले नाहीत, एवढंच.

आता मुद्द्याचं बोलू. सगळ्यात वाईट अनुभव कोणाला आला? पीएस४ आणि एक्सबॉक्स वन असलेल्यांना. त्यांच्यासाठी काही दुरुस्त्या झाल्या, हे मान्य. पण २.० अपडेट आणि 'फँटम लिबर्टी' हा पुढचा भाग त्या मशीनसाठी आलेच नाहीत. जुनी मशीन थकली, हे तांत्रिक कारण आपण समजू शकतो. पण मग त्याच मशीनसाठी हा गेम विकला का, हा प्रश्न उरतोच. ज्याला नवं अंग परवडत नाही तो मागे पडतो, ही नाइट सिटीची गोष्ट. इथे ती गेमच्या बाहेरही घडली.

म्हणून आमचं मत असं: आज नव्या मशीनवर हा गेम जरूर खेळा, तो खरोखर चांगला झाला आहे. पण 'शेवटी सगळं ठीक झालं' असं कोणी म्हणालं, तर एवढं विचारा, कोणासाठी?

आता प्रश्न घेऊ.