लीळाचरित्रातील माणसे : साधने की साक्षीदार?

यादवकालीन महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना दोन प्रकारची साधने नेहमी हाताशी घेतली जातात. राजवंशाच्या पराक्रमासाठी हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’मधील व्रतखंडाच्या आरंभी येणारी राजप्रशस्ती पाहिली जाते आणि ‘सामाजिक स्थिती’साठी म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ उघडले जाते. या वाटणीत एक गृहीतक दडलेले आहे. राजांना चरित्र असते, सामान्यांना मात्र केवळ ‘स्थिती’ असते, असे ते गृहीतक होय. लीळाचरित्रातून वस्त्रे, खाद्यपदार्थ, नाणी, देवळे आणि आचार यांच्या याद्या काढल्या जातात. पण ज्या माणसांच्या बोलण्या-वागण्यातून हे तपशील आले, ती माणसे त्या याद्यांतून गळून जातात. ही केवळ वाचनातील उणीव नव्हे. ग्रंथाच्या रूपबंधाकडे दुर्लक्ष केल्याचा तो परिणाम आहे.

इ.स. १२७८च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथाचा घटक ‘लीळा’ हा आहे. लीळेला आकाराची सक्ती नाही. ती दोन-चार वाक्यांची असू शकते किंवा प्रदीर्घ संवादाचीही. तिच्यात प्रवेश करण्यासाठी पात्राची प्रतिष्ठा विचारली जात नाही, चक्रधरांशी त्याची गाठ पडलेली असणे एवढे पुरते. म्हणूनच एकांकात घोड्यांचे व्यापारी हेडाऊ आणि गोंड येतात, पुढे देवगिरीचे राजे येतात, आणि या सर्वांना एकाच जातीचे गद्य मिळते. प्रशस्तीत राजा विशेषणांनी मोठा होतो. लीळेत विशेषणांना फारसा वाव नसल्यामुळे राजालाही इतरांप्रमाणे कृती आणि उक्ती यांवरच उभे राहावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. महादाइसा ही विधवा स्त्री इतिहासाच्या रूढ व्याख्येत ‘उल्लेखनीय’ ठरली नसती. लीळाचरित्रात ती प्रश्न विचारते, शंका घेते आणि तिच्या जिज्ञासेमुळे निरूपणाला दिशा मिळते. बाइसांची सेवा, त्यांचे स्वयंपाकपाणी, त्यांचा धाक हे सारे पार्श्वभूमी म्हणून न येता लीळेच्या घडणीतच येते. नागदेवाचार्यांनी धर्मनिरूपणासाठी मराठीचा आग्रह धरला, तो संस्कृत न जाणणाऱ्या अशाच वृद्ध स्त्रिया वंचित राहू नयेत म्हणून, हे ‘स्मृतिस्थळ’ सांगते. भाषेची निवडच येथे सामान्य श्रोत्यावरून ठरली आहे. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी २०१६च्या ‘द क्वोटिडियन रेव्होल्यूशन’मध्ये यादवकाळातील देशीकरणाचा संबंध दैनंदिन जीवनाशी जोडला, त्याचा आधार येथे सापडतो.

तथापि, या ग्रंथाला ‘सामान्यांचा इतिहास’ म्हणून गौरवणे हेही घाईचे ठरेल. लीळेचा केंद्रबिंदू चक्रधर आहेत. माणूस त्यांच्या सहवासाच्या प्रकाशात येतो आणि तो सहवास संपताच पुष्कळदा अंधारात परततो. त्याचा जन्म, संसार, मृत्यू यांविषयी ग्रंथ बहुधा मौन पाळतो. ज्यांची कधी गाठच पडली नाही, ते तर मुळातच अनुपस्थित आहेत. विरोधकांचे चित्रणही पंथाच्या श्रद्धेतून झाले आहे. लीळाचरित्रातील हेमाडपंत आणि चतुर्वर्गचिंतामणीचा कर्ता हेमाद्री यांची एकमेकांशी ओळख पटवताना वाचकाला म्हणूनच सावध राहावे लागते. लीळाचरित्र सामान्यांची जीवने देत नाही. ते त्यांचे प्रसंग देते. हा भेद पुसून टाकला की अभ्यासक ग्रंथाच्या मौनात स्वतःच्या अपेक्षा भरू लागतो.

मग या माणसांचे स्थान कोठे? त्याचे उत्तर ग्रंथाच्या निर्मितीप्रक्रियेत आहे. म्हाइंभटाने लीळा स्वतः कल्पिल्या नाहीत. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून त्या गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा अनुयायांच्या स्मरणातून संहिता पुन्हा उभी राहिली. त्या पुनर्रचनेत हिराइसा या स्त्रीच्या स्मरणातून आलेल्या पाठाला मान्यता मिळाली. ‘वासना’ म्हणून नोंदवलेले पाठभेद सांगणाऱ्याच्या नावासह टिकले. एका स्मरणाने दुसऱ्याला खोडून काढावे, असा आग्रह या परंपरेने धरला नाही.

पाठचिकित्सेच्या रूढ दृष्टीला हे भेद मूळ संहितेकडे जाण्यातील अडथळे वाटतात. १९७८मध्ये वि. भि. कोलते यांची आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर अभ्यासकांना मोठा आधार मिळाला. पण एकसंध पाठाची गरज मान्य करूनही वासनांकडे वेगळ्या नजरेने पाहणे शक्य आहे. त्या साक्षी आहेत. त्यांच्यामुळे सामान्य माणूस चरित्राचा विषय होण्याआधीच त्याचा निवेदक झालेला दिसतो. राजप्रशस्तीतील राजाला स्वतःविषयी काही आठवावे लागत नाही, त्यासाठी पंडित नेमलेला असतो. लीळाचरित्रात आठवण्याचे काम ज्यांनी केले त्यांच्यामागे आश्रयदाता नव्हता.

म्हणून यादवकालीन समाजाच्या अभ्यासकाने या ग्रंथाला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘लोक काय खात, काय नेसत’ हा नसून ‘हे कोणाला आठवले आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला’ हा आहे. वस्त्रांची आणि नाण्यांची यादी त्यानंतरही करता येईल. मात्र तेव्हा प्रत्येक नोंदीमागे एक सांगणारा उभा असेल.