मार्डन, ब्राइस

मार्डन, ब्राइस : (१५ ऑक्टोबर १९३८–९ ऑगस्ट २०२३). अमेरिकन अप्रतिरूप चित्रकार. तैलरंगात मधमाश्यांचे मेण मिसळून केलेल्या एकरंगी चित्रफलकांसाठी विशेष प्रसिद्ध. जन्म न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे. बॉस्टन विद्यापीठ (१९६१) व येल विद्यापीठ (१९६३) येथून त्याने कलाविषयक पदव्या संपादन केल्या. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथील ज्यूइश म्यूझीयममध्ये तो पहारेकरी होता. तेथे त्या वर्षी भरलेले जॅस्पर जॉन्सचे प्रदर्शन त्याला दीर्घकाळ न्याहाळता आले. मेणमिश्रित रंगांचा जॉन्सने केलेला वापर त्याच्या पुढील वाटचालीस पोषक ठरला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधील त्याचे पहिले एकल प्रदर्शन भरले.

वितळलेल्या मेणात रंगद्रव्य घालून ते उष्णतेने पृष्ठभागावर एकजीव करण्याचे तंत्र प्राचीन असून, ईजिप्तमधील फायूम येथील मृतांची व्यक्तिचित्रे हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. मार्डनचे तंत्र मात्र काटेकोर अर्थाने ते नव्हे. तैलरंग, टर्पेंटाइन व वितळलेले मेण यांचे मिश्रण तो गरम असतानाच कॅनव्हासवर लावी आणि चपट्या सुरीने सारखे करी. मेणामुळे तैलरंगाची चकाकी नाहीशी होऊन पृष्ठभाग मंद, दाट व त्वचेसारखा होई. प्रारंभीच्या चित्रांत तळाशी एक अरुंद पट्टी तो मोकळी ठेवी. तीवर ओघळलेले थेंब रंगलेपनाच्या प्रक्रियेची साक्ष देतात.

१९७१ मध्ये तो प्रथम ग्रीसमधील हायड्रा बेटावर गेला. तेथील ऑलिव्हच्या राया, समुद्र व प्रखर प्रकाश यांतून 'ग्रोव्ह ग्रूप' ही पाच चित्रांची मालिका सिद्ध झाली. तीत झाड नाही, पान नाही, क्षितिजही नाही. ऑलिव्हच्या पानांचा राखी-हिरवा रंग आणि त्यांवरील प्रकाश हाच तिचा विषय आहे. पाने वाऱ्याने उलटली की रुपेरी दिसतात. हा क्षणिक पालट मेणाच्या थराने जणू स्थिर केला आहे.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो : शीर्षक काढून घेतल्यास या फलकांत निसर्ग उरतो काय? आक्षेपात तथ्य आहे. ठिकाणाची ओळख पटविण्याचे काम शीर्षकच करते. परंतु निसर्गाचे रूप दाखविणे हा मार्डनचा हेतू नव्हता. निसर्गापुढे रेंगाळणारी दृष्टी कॅनव्हासपुढेही तशीच रेंगाळावी, हे त्याला साधावयाचे होते. मेणाचा थर प्रकाश झटकन परतवीत नाही. रंग सावकाश उलगडतो आणि सुरीच्या पुसट खुणा जवळ गेल्यावरच दिसू लागतात. म्हणून त्याचा पोत ही सजावट नसून आशयच आहे. कारखान्यात घडविल्यासारख्या निर्विकार पृष्ठभागांचा पुरस्कार करणाऱ्या समकालीन अल्पतमवादी कलावंतांपासून तो वेगळा ठरतो, तो या हस्तस्पर्शामुळेच. याच गुणात त्याची मर्यादाही आहे : छापील प्रतिकृतीत ही चित्रे केवळ सपाट रंगपट्टे भासतात.

१८ फलकांच्या 'थीरा' (१९७९-८०) या चित्रात ही पद्धती परिणतीस पोहोचली. त्यानंतर लवकरच मार्डनने मेणाचा त्याग केला. सिद्ध झालेल्या तंत्राची पुनरावृत्ती न करता तो रेषेकडे वळला. हानशान या चिनी कवीच्या काव्यावरून स्फुरलेल्या 'कोल्ड मौंटन' (१९८९–९१) या मालिकेत फांद्यांसारख्या गुंतत जाणाऱ्या रेषा दिसतात. मेणाच्या थरात स्थिरावलेला निसर्ग तेथे गतिमान झाला. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझीयम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले.

न्यूयॉर्क राज्यातील टिव्होली येथे तो निधन पावला. निसर्गाची आकृती वगळूनही त्याची अनुभूती द्रव्याच्या पोतातून देता येते, हे दाखवून देण्यात त्याच्या मेणचित्रांचे महत्त्व आहे.